वजन कोणत्या पायावर होते?

माझी भाची यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे. मध्यंतरी भावाकडे गेले होते, तेव्हा तिने सरावाची सगळी चित्रे हॉलमध्ये फरशीवर ओळीने मांडून दाखवली. स्थिरचित्रातल्या तांब्याच्या कळशीवर तिने खिडकीतून आलेला उजेड फार सुरेख टिपला होता आणि संकल्पचित्रातली रंगसंगतीही डोळ्यांना निवांत वाटणारी होती. मग स्मरणचित्राचा कागद पुढे आला. विषय होता ‘आठवडी बाजार’. मागे दोन डोंगर, त्यांच्या पायथ्याशी चार पाले, डाव्या बाजूला डोक्यावर टोपली घेतलेली बाई, मध्यभागी फेटा बांधलेला पाठमोरा माणूस आणि उजव्या कोपऱ्यात फुगेवाला. प्रमाण चोख होते, रंग कुठेही ओघळलेला नव्हता, जवळच्या आकृत्या मोठ्या आणि लांबच्या लहान काढलेल्या होत्या. मी सहज विचारले, “हा कुठल्या गावचा बाजार गं?” ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कुठलाच नाही, आत्या. परीक्षेत असाच काढतात.” मग तिने मला सगळे नीट समजावून सांगितले. क्लासमध्ये काही ठरावीक आकृत्या घटवून घेतात: टोपलीवाली बाई, पाठमोरा माणूस, सायकल धरून उभा असलेला मुलगा, उकिडवी बसलेली म्हातारी. या आकृत्या कुठल्याही विषयात बसवता येतात. बसथांबा आला, तर टोपलीवालीला रांगेत उभे करायचे. जत्रा आली, तर पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर मूल द्यायचे. पाणवठा आला, तर टोपलीच्या जागी घागर काढायची.

तिने आजवर एकही आठवडी बाजार पाहिलेला नाही.

यात तिला किंवा तिच्या क्लासमधल्या बाईंना दोष द्यावा, असे मला मुळीच वाटले नाही. परीक्षेला वेळ बांधलेला असतो आणि परीक्षकासमोर कागदांचे गठ्ठे असतात. तिथे स्वच्छ, भरलेले, चुका नसलेले चित्र निभावून नेते, हे त्या बाईंना अनुभवाने कळलेले असणार. तरीही ते चित्र पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही. ज्या प्रश्नपत्रिकेचे नावच स्मरणचित्र आहे, तिच्यात या मुलीच्या स्वतःच्या स्मरणाला जागाच नव्हती. तिच्याजवळ आठवायला पुष्कळ आहे. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी ठरल्या दिवशी भाजीचा टेम्पो येतो. त्याच्या फळीवर चढून बसलेला पोरगा एका हाताने मेथीच्या जुड्या खाली देतो आणि दुसऱ्या हातातला मोबाइल पैसे आल्याचे बघण्यासाठी डोळ्यांजवळ धरतो. खालच्या मजल्यावरच्या आजी पिशवीचा एक बंद मनगटात अडकवून, दुसरा हाताने ताणून धरून भाजी आत घेतात. सुरक्षारक्षक वॉकरला टेकलेल्या आजोबांसाठी कोथिंबीर निवडून देतो. तिचा बाजार हाच आहे आणि तो तिने दर आठवड्याला पाहिलेला आहे. तो कागदावर आणण्याजोगा आहे, एवढेच तिला आजवर कोणी सांगितलेले नाही.

मला हे सांगणारे चित्रकलेचे सर भेटले होते. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावात माझी शाळा झाली. आमच्या गावचा बाजार सोमवारी भरायचा. शाळेच्या पटांगणापलीकडून सकाळपासूनच मेंढरांचा आवाज, घोंगड्यांचा लोकरी वास आणि सुक्या बोंबलांचा उग्र दर्प वर्गात येत राहायचा. सर एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना दुपारच्या सुट्टीला जोडून मिळणाऱ्या तासाला बाजारात पाठवायचे, पण त्यांची एक अट असायची. वही नाही, पेन्सिल नाही, गुडीशेव आणि भत्त्यासाठी पैसेही नाहीत. प्रत्येकाने एकच जागा धरायची आणि तास संपेपर्यंत ती सोडायची नाही. “हिंडलात तर सगळं दिसेल आणि काहीच राहणार नाही,” असे ते म्हणायचे. कोणी दोरवाल्याजवळ उभे राहायचे, कोणी माठ वाजवून देणाऱ्या कुंभाराजवळ. मला कासाराच्या पालाजवळची जागा मिळाली होती. सुरुवातीला मी रंगच बघत राहिले, कारण हिरव्या चुड्यांच्या त्या माळांवरून नजर निघत नव्हती. थोड्या वेळाने त्या रंगांचा कंटाळा आला आणि मग हात दिसू लागले.

बांगडी भरून देणारी मावशी समोरच्या बाईचा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची. अंगठ्याखालचा मांसल भाग आतल्या बाजूला मुडपून पंजा असा काही दाबायची की चार बोटे आणि अंगठा मिळून निमुळती मूठ तयार होई. बांगडी सांध्याशी येऊन अडली की मावशी बोलणे वाढवायची. माहेर कुठले, पोरे किती, पाऊस झाला का. नेमक्या त्याच क्षणी हात पुढे केलेली बाई मान दुसरीकडे वळवायची. येणारी प्रत्येक बाई तसेच करत होती. काहींचे डोळे मिटलेले असत, काही रस्त्याकडे टक लावून बघत, एकीने पदराचे टोक दातांत धरले होते. बांगडी मनगटावर उतरली की खांदा सैल पडायचा आणि मान पुन्हा पुढे यायची. त्या बायका आपला हात अनोळखी माणसाच्या हाती पूर्ण सोपवून देत होत्या आणि दुखण्याच्या क्षणी त्याच्याकडे बघत नव्हत्या, हे मला त्या वयात शब्दांत सांगता आले नसते. पण माझ्या चित्रात ती वळलेली मान आली.

दुसऱ्या दिवशी सर बाकांमधून फिरत एकेका चित्रापाशी थांबले. चित्र चांगले की वाईट, हे ते लगेच सांगत नसत. ते प्रश्न विचारत. दोरवाल्याचे चित्र काढलेल्या मुलाला त्यांनी विचारले, “तो दोर मापत असताना वजन कोणत्या पायावर होतं?” मुलगा गप्प. त्याने दोन्ही पाय सारखे, सरळ रोवलेले काढले होते. सरांनी त्याला उठवून उभे केले, हातात छत्री दिली आणि दोर मापायला सांगितले. दोन्ही हात फाकवताच त्याचे सगळे शरीर उजव्या पायावर गेले, डावी टाच उचलली गेली आणि कंबर कलली. वर्ग हसला, सर मात्र हसले नाहीत. “आता काढ,” एवढेच म्हणाले. माझ्या चित्रातल्या मावशीचे हात बेढब झाले होते, बोटे जाड आणि आखूड. त्यांनी ते दुरुस्त केले नाहीत. वळलेल्या मानेवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, “ही बाई तू पाहिलीस.” त्या परीक्षेत माझी श्रेणी काही फार वरची नव्हती. ते वाक्य मात्र माझ्याजवळ राहिले.

त्याच सरांनी आम्हांला सातारा जिल्ह्यातल्या औंधला नेले होते. यमाईच्या डोंगराच्या चढावर असलेले भवानी संग्रहालय बघायला आजही शाळांच्या सहली येतात, आणि बहुतेक मुले राजा रविवर्म्यांच्या चित्रांसमोर एकदम गप्प होऊन पुढे सरकतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हे संग्रहालय १९३८ साली उभे केले. ते स्वतः चित्रकार होते, रामायणाची चित्रमालिका त्यांनी आपल्या हाताने रंगवली होती. जिथे पिण्याच्या पाण्याची ओढ असे, अशा मुलखात एका संस्थानिकाने चित्रे आणि शिल्पे आणून ठेवावीत, याचे मला आता मोठेपणी अधिक आश्चर्य वाटते. ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे ‘आई आणि मूल’ हे शिल्पही तिथे आहे. त्यातली आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होते, यावरून आमच्यात सहलीच्या एसटीत वाद झाला होता. त्या वादातल्या एकालाही हेन्री मूर कोण हे ठाऊक नव्हते आणि तरी तो वाद गाडी गावात शिरेपर्यंत चालला होता.

याच औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना सुरू केला. चित्रकार व्हायचे म्हणून लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते, पण काही रंग त्यांना ओळखू येत नाहीत असे निघाले, तेव्हा रंगकाम सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. सर आम्हांला ही हकीकत फार आवडीने सांगत. नांगराचा फाळ जमिनीत कोणत्या कोनात शिरेल आणि माती कशी उलटेल, हे ज्याला आधी कागदावर दिसले त्याच्या हातून तो नांगर झाला, असे त्यांचे म्हणणे असे. चित्रकलेने कारखानदार घडतात असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. रंग हातून गेले तरी रेषा हातात राहिली आणि त्या रेषेने माणसाला पुढे नेले, एवढे मात्र त्या गोष्टीतून मला दिसत राहते.

मी चित्रकार झाले नाही. एका बँकेत काउंटरवर माझी बरीच वर्षे गेली. तिथे एक गोष्ट वारंवार घडायची. एखादे वयस्कर गृहस्थ पैसे काढण्याची स्लिप घेऊन रांगेबाहेर, भिंतीशी उभे राहायचे. स्लिप दोन्ही हातांनी धरलेली, अंगठे कागदावर घट्ट रोवलेले, आणि नजर कागदावर नसून कागदाच्या वरच्या कडेवरून लोकांच्या चेहऱ्यांवर फिरत असायची. ते मदतीसाठी योग्य माणूस शोधत असायचे. पुढे येऊन म्हणायचे, “चष्मा घरी राहिला, जरा भरून देता का?” चष्म्याची गोष्ट खरी नसायची आणि ती खरी मानूनच स्लिप भरून द्यायची असते, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नव्हते. मी पुष्कळदा ते गृहस्थ बोलायच्या आधीच त्यांना हाक मारायचे. हे मला चित्रकलेच्या तासामुळे येत होते, असा दावा करायला माझ्याजवळ कोणताही पुरावा नाही. आईच्या वळणामुळे असेल, गावात वाढल्यामुळे असेल. तरीही स्लिपवर रोवलेले ते अंगठे बघताना मला दर वेळी कासाराचे पाल आठवायचे आणि आपण माणसांच्या हातांकडे बघायला कधी लागलो, हे मनाशी पक्के व्हायचे.

शाळेत चित्रकला कशासाठी, या प्रश्नाला आपल्याकडे फार पूर्वीपासून कामाचेच उत्तर दिले गेले आहे. जे. जे. ची स्थापना १८५७ सालची. तिथे १८७९ मध्ये ड्रॉइंगचे शिक्षण विषय म्हणून सुरू झाले आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. हात आणि डोळा यांना वळण लागावे, कारागीर आणि नकाशे काढणारे तयार व्हावेत, हा त्या काळचा हेतू होता आणि तो काही हलका हेतू नव्हता. आज उत्तर बदलले आहे, पण तेही कामाचेच आहे. इंटरमिजिएटमध्ये ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण, बी मिळाली तर ५ आणि सी मिळाली तर ३. अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्यावरून महाविद्यालय हुकते हे ज्या घरांना माहीत आहे, ती घरे या सात गुणांसाठी मुलांना सकाळी सहाच्या क्लासला पाठवतात. मला याचे वाईट वाटते आणि त्याच वेळी हे गुण उद्या काढून टाकले तर काय होईल, याची भीतीही वाटते. कितीतरी शाळांमध्ये या गुणांच्या आधारानेच चित्रकलेचा तास वेळापत्रकात टिकून आहे. ते गेले, तर नववीचा तो तास गणिताकडे जाईल आणि कोणी पालक तक्रार करणार नाही. म्हणून गुणांना नावे ठेवणाऱ्यांच्या बाजूने मला पूर्णपणे उभे राहता येत नाही. माझे दुखणे गुणांच्या अलीकडे आहे. गुण मिळवण्याचा रस्ता मुलांनी स्वतः न बघता पार करता येतो, हे मला खुपते.

मुलांना बघायला शिकवायचे, तर आधी बघायला शिकवणारा माणूस शाळेत हवा. शिक्षणहक्क कायद्याने, २००९ साली, सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला, पण तो अंशकालीन. कागदावर सोय झाली आणि पूर्णवेळ कलाशिक्षकाची गरज जणू संपली. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका घेऊन वर्षानुवर्षे पदाची वाट बघणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत. ज्यांना नोकरी आहे त्यांचेही दिवस शाळेच्या दर्शनी फलकावर सुविचार लिहिण्यात, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवण्यात, प्रमाणपत्रांवर सुवाच्य अक्षरात नावे घालण्यात आणि पाहुणे येणार असले की रांगोळी काढण्यात जातात. ही कामे कमी प्रतीची आहेत असे मी म्हणत नाही. आमच्या सरांचे फलकलेखन बघायला गावातली माणसे शाळेच्या दारात थांबत असत. पण त्या माणसाला वर्गात मुलांजवळ बसू न देता आपण त्याला शाळेच्या सजावटीला लावतो. वर्गाकडे येणारा उरलासुरला वेळ मग ‘हे फळ्यावरचं बघून काढा’ एवढ्यावर भागवला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सगळ्याच विषयांत कलेची जोड द्यायला सांगितले आहे. रांगोळीच्या ठिपक्यांतून सममिती शिकणारी मुले मी पाहिली आहेत, त्यांना त्यात खरोखर आनंद होता. मात्र गणित सोपे व्हावे म्हणून काढलेली रांगोळी आणि रांगोळीसाठी काढलेली रांगोळी यांत बोटांना आणि डोळ्यांना होणारे शिक्षण वेगळे असते. पहिलीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे दिसली की मला हाच विचार छळतो. दोन त्रिकोणांचा माणूस, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती फेर धरलेली माणसे, हे आता राज्यभरातल्या मुलांना पाठ आहे. डहाणूच्या भागात लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत आल्या. त्या परंपरेतून पुढे येऊन जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर आपल्या भोवतीचे जगणे मांडले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे एकदा बघावे. कागदभर पसरलेल्या त्या जाळ्याची बारीक वीण बघताना, काढणाऱ्याच्या मनात जाळे किती पक्के बसलेले आहे हे जाणवते. आपल्या शाळांनी त्यांच्याकडून त्रिकोण घेतले आणि बघणे घ्यायचे राहून गेले. वारली पद्धतीने पुण्यातल्या मुलाने आपल्या शाळेची व्हॅन काढली, तिच्यात कोंबून बसलेली दप्तरे आणि खिडकीला चिकटलेली नाके काढली, तर मला ती म्हसे यांच्या अधिक जवळची वाटेल.

भाचीला मी त्या दिवशी यातले काहीच बोलले नाही. परीक्षा तोंडावर असताना तिच्या घटवलेल्या आकृत्या काढून घेणे क्रूरपणाचे झाले असते. फक्त जेवताना मी तिला विचारले की तो भाजीच्या टेम्पोवरचा पोरगा फळीवर कसा बसतो. तिने ताट बाजूला केले, खुर्चीवर एक पाय दुमडून घेतला, दुसरा लोंबता सोडला आणि कोपर गुडघ्यावर टेकवून हात पुढे केला. वहिनी म्हणाली, नीट बस आणि आधी जेव. माझी खात्री झाली की मुलीला सगळे दिसलेले आहे.

मोठ्या सुधारणा होतील तेव्हा होतील. पूर्णवेळ पदांसाठी भांडणाऱ्या शिक्षकांच्या मागे पालकांनीही उभे राहायला हवे. विषय ठरवणाऱ्यांनी पाणवठा आणि आठवडी बाजार यांच्या जोडीला शाळेची व्हॅन, मोबाइल दुरुस्तीचे दुकान, रेशनची रांग, लोकलचा डबा हेही द्यावे, म्हणजे शहरातल्या मुलांना पाठ केलेल्या गावात शिरावे लागणार नाही. आणि मुख्याध्यापकांना एक लहानसे काम आजही करता येण्याजोगे आहे, त्याला शासन निर्णय लागत नाही. चित्रकलेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. पाणी आणण्यात, कागद लावण्यात आणि रंग घोटण्यात त्यातला बराच वेळ जातो, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला जातो आणि तो वाळण्याच्या आत घंटा होते. घाईघाईत ओल्या रंगावर दुसरा रंग दिला की कागद फुगतो, चित्र गढूळ होते आणि मुलाला वाटते, आपल्याला चित्रकला येत नाही. म्हणून जूनमध्ये वेळापत्रक लावताना चित्रकलेचे आठवड्याचे दोन तास वेगवेगळ्या दिवशी न टाकता सलग द्यावेत, शक्य तर दुपारच्या सुट्टीला जोडून, म्हणजे मुलांना बाहेर जाऊन येताही येईल. गावाला आठवडी बाजार असेल, तर हा जोडतास त्याच दिवशी ठेवावा.